जुना फ्लॅश, नवा कॅमेरा

१८८७ साली जर्मनीत मिटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमचे प्रकाशचूर्ण सिद्ध केले, तेव्हा छायाचित्रकाराला भय होते ते भाजण्याचे. १९३१ मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूच्या नळीतून क्षणमात्र वीज सोडून प्रकाश साधला. धूर गेला, ज्वाला गेली; धोका मात्र पुढे कॅमेऱ्याच्याच वाट्याला यावयाचा होता.

जुन्या फ्लॅशची नळी पेटविणारे विजेचे मंडल कॅमेऱ्यातील संपर्कातून पूर्ण होई, आणि तेथे कित्येकदा २०० व्होल्टांहून अधिक दाब असे. त्या काळच्या शटरमध्ये धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकत. त्यांना तो सहज सोसे. पुढे हे काम नाजूक अर्धवाहकांकडे आले. काही डिजिटल कॅमेऱ्यांना २५० व्होल्ट चालतात, तर आरंभीच्या काहींची मर्यादा अवघी ६ व्होल्टांची! फ्लॅशच्या नावावरही विसंबता येत नाही. व्हिव्हिटार २८३ या एकाच नावाचे आरंभीचे नग उच्च दाबाचे, नंतरचे १० व्होल्टांच्या आतले. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावर चढविण्यापूर्वी पूर्ण भारित करून त्याच्या बैठकीचा मध्यबिंदू व कडेची पट्टी यांमधील दाब मीटरने मोजावा. तो कॅमेऱ्याच्या मर्यादेबाहेर असल्यास मध्ये दाब अडविणारा जोड बसवावा, किंवा दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडाने चेतणारा प्रकाशग्राही लावून जुन्याला दूरच उभे करावे.