पॅकेज-शोधासाठी सूचीबद्ध आभासी फाइल सिस्टिम

लिनक्समधील पॅकेज मॅनेजरला हवे ते सॉफ्टवेअर लवकर सापडावे म्हणून पॅकेजांची माहिती देणाऱ्या हजारो सुट्या फाइली एकाच सूचीबद्ध फाइलीत बांधून ती नेहमीच्या फोल्डरप्रमाणे वापरण्याची पद्धत.

शोध रेंगाळतो तो माहितीच्या आकारापेक्षा फाइलींच्या संख्येमुळे. जेंटू लिनक्सच्या पोर्टेज व्यवस्थेत प्रत्येक पॅकेजच्या प्रत्येक आवृत्तीची वेगळी फाइल असते. मिनिटाला 5,400 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पुरा करायला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. एका फाइलीवरून दुसरीवर जायला 10 मिलिसेकंद धरले, तरी विखुरलेल्या दहा हजार फाइलींमागे 100 सेकंद नुसत्या ये-जा करण्यात जातात. शिरूर किंवा दौंडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जुने खरेदीखत शोधणारा माणूस सगळे दस्त चाळत बसत नाही, आधी सूची क्रमांक दोन पाहतो. पॅकेज-शोधालाही अशीच सूची लागते.

त्यासाठी दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात सगळ्या फाइली स्क्वॉशएफएससारख्या संकुचित, केवळ वाचता येणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये बांधतात. ही फाइल सिस्टिम 2009 पासून लिनक्स कर्नलचा भाग आहे. फाइलींची नावे व ठिकाणे तिच्या तक्त्यांत दाटीने बसवलेली असल्याने डिस्कवरची धावपळ घटते आणि शोधाच्या कमांड बदलाव्या लागत नाहीत. फ्यूज ही कर्नलबाहेरून फाइल सिस्टिम चालवण्याची सोय वापरूनही अशी आभासी फाइल सिस्टिम उभारता येते. मात्र प्रत्येक मागणी कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमकडे जाऊन परत येते, त्यात वेळ जातो.

दुसरा मार्ग खऱ्या इंडेक्सचा. जेंटूवरील ईआयएक्स हे साधन पॅकेजांची नावे, वर्णने व आवृत्त्या एका बायनरी फाइलीत साठवते आणि शोध तिच्यातच घेते. पुढे खुद्द पोर्टेजनेही वर्णनांची सूची-फाइल स्वीकारली. निव्वळ शोधासाठी हा मार्ग सरस ठरतो, कारण पहिल्यात मजकूर शेवटी वाचावाच लागतो. एसएसडीवर तर पहिल्या मार्गाचा फायदा बराच कमी होतो.

सी-डॅकने 2007 मध्ये आणलेली बॉस लिनक्स ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. डेबियन 12 मध्ये 64 हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. तिथे एपीटी हे पॅकेज हाताळणारे साधन पॅकेजांच्या याद्यांतून बायनरी कॅश तयार करून ती थेट मेमरीशी जोडते. अमुक फाइल कोणत्या पॅकेजमध्ये आहे, हे एपीटी-फाइल नावाचे साधन सांगते. त्यासाठी ते पॅकेज न उतरवता पॅकेज-भांडाराची आशयसूची पुरते. सूची एकदा उतरवली की शोधाला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट अधूनमधूनच मिळणाऱ्या गावच्या शाळेत किंवा महाविद्यालयात एका संगणकावर बांधलेली स्क्वॉशएफएस फाइल पेन ड्राइव्हने बाकीच्या संगणकांवर नेता येते.

वेग मोजताना पहिला शोध धरावा. दुसऱ्या वेळी कर्नलच्या मेमरीतच माहिती असते, त्यामुळे कोणतीही पद्धत वेगवान भासते. भांडार अद्ययावत झाले आणि सूची जुनीच राहिली, तर शोधात नवी पॅकेजे दिसत नाहीत आणि काढून टाकलेली दिसत राहतात. म्हणून भांडार अद्ययावत करणाऱ्या कमांडलाच सूची नव्याने बांधण्याचे काम जोडून द्यावे.