जाळी, स्लॅब आणि खारा वारा

कोकणातलं घर म्हणजे चिरा आणि कौलं, हे समीकरण आता मागे पडलंय. गणपतीपुळ्यालाही स्लॅबच जास्त दिसतात. आमच्या नात्यातही तिथल्या जुन्या घरावर स्लॅब टाकायचं चाललंय, म्हणून म्हटलं, आतल्या लोखंडी जाळीचा इतिहास जरा चाळावा.

गंमत म्हणजे ही कल्पना पुलं बांधणाऱ्यांची नव्हे. फ्रान्समधल्या लांबोने १८४८ साली तारेच्या जाळीवर सिमेंट थापून होडी केली. १८६७ मध्ये मोनिए नावाच्या माळ्याने अशाच कुंड्यांचं पेटंट घेतलं. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. तो लोखंड घेतं. म्हणून खोलीच्या मधोमध जाळी खालच्या अंगाला, तर बाहेर काढलेल्या गॅलरीत वरच्या अंगाला.

स्लॅबची भार चाचणी आपल्या आयएस ४५६ मध्ये दिली आहे. वापराचा जो भार धरलाय त्याच्या सव्वापट वजन २४ तास ठेवायचं आणि वाक मोजायचा. वजन उतरवल्यावर २४ तासांत त्यातला निदान ७५ टक्के वाक भरून यायला हवा.

पण ही चाचणी आजची ताकद सांगते, खाऱ्या वाऱ्याचं काय? क्षार आत झिरपले की लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि काँक्रीट फुटतं. पणजीचा मांडवी पूल जेमतेम दीड दशक टिकला. ५ जुलै १९८६ ला कोसळला. त्यातल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. १९७८ च्या आयएस ४५६ मध्ये साध्या स्लॅबला सळईखाली १५ मिलिमीटर काँक्रीट पुरे होतं. २००० च्या आवृत्तीत किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या काँक्रीटला ४५ सांगितलंय. म्हणजे तिप्पट!

त्यामुळे माझ्या मते किनाऱ्यावरची खरी चाचणी काँक्रीट ओतण्याआधीच होते. माणसं जाळीवरून चालतात, कव्हर ब्लॉक सरकतात, जाळी फळ्यांना टेकते. एकदा ओतलं की ते कुणालाच दिसत नाही. वजन ठेवून बघितलं तरी तो स्लॅब पास होईल, आणि पोपडे पडतील ते त्याखाली झोपणाऱ्या नातवंडांवर.

तेव्हा घरच्यांनो, मुहूर्ताचा नारळ फोडायच्या आधी हातात पट्टी घेऊन जाळीखाली वाका. गवंडी हसला तर हसू द्या. आणि वाळू खाडीची नाही ना, तेही विचारा.

किनाऱ्यावर घर बांधलेल्यांनी आपले अनुभव जरूर कळवा.