मेंदूतली झोपेची कळ

झोप म्हणजे काय, असं विचारलं तर आपण पटकन म्हणतो, दमलेल्या मेंदूची विश्रांती. दिवा विझावा तसा मेंदू विझतो, झालं! शंभर वर्षांपूर्वी बरेच शास्त्रज्ञही असंच मानत. पण झोप हे मेंदूचं एक कामच आहे, हे कळायला एक साथ यावी लागली. आज तिची गोष्ट.

साल १९१६-१७. पहिलं महायुद्ध चालू होतं. व्हिएन्नातल्या डॉक्टरांकडे विचित्र पेशंट येऊ लागले. जेवता जेवता, तोंडात घास तसाच ठेवून झोपणारे. हलवून उठवलं की प्रश्नांची नीट उत्तरं द्यायचे आणि पुन्हा झोपायचे. काही दिवस, तर काही आठवडे. त्यातले कितीतरी दगावले.

या पेशंट्सचा अभ्यास केला कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी. गडी मोठा हौशी! मेंदूचा डॉक्टर आणि विमानाचा पायलटसुद्धा. युद्धात विमान चालवून ते व्हिएन्नात परतले होते, डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करायला. १९१७ मध्ये त्यांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला नाव दिलं, एन्सेफलायटिस लेथार्जिका.

आता खरी गंमत ऐका. याच आजाराचे थोडे पेशंट अगदी उलटे होते. त्यांना झोपच लागत नव्हती. जीव थकून जायचा, पण डोळा लागायचा नाही. मेंदू नुसता थकून विझत असता, तर हे आधी झोपायला हवे होते, नाही का?

इकोनोमोंनी मृत पेशंट्सचे मेंदू तपासले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग असतो. सतत झोपणाऱ्यांमध्ये त्याच्या मागच्या बाजूला इजा होती. जागणाऱ्यांमध्ये पुढच्या बाजूला. म्हणजे मागे जागं ठेवणारी यंत्रणा आणि पुढे झोपवणारी, असा अर्थ त्यांनी लावला. नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, त्याचं मूळही मागच्याच बाजूला असावं, असा त्यांचा अंदाज होता. १९३१ मध्ये ते वारले. साथही तोवर ओसरली होती. ती नेमकी कशाने आली, हे कोडं आजही सुटलेलं नाही.

अंदाज मात्र खरा निघाला. १९९६ मध्ये हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या आपण झोपलो की कामाला लागतात आणि जागं ठेवणाऱ्या केंद्रांना गप्प करतात. १९९८ मध्ये ओरेक्सिन हे रसायन सापडलं. ते जागेपणा टिकवून धरतं, आणि ते बनवणाऱ्या पेशी मागच्या बाजूला आहेत. २००० साली दिसलं की नार्कोलेप्सीच्या पेशंट्समध्ये नेमक्या याच पेशी नष्ट झालेल्या असतात.

विचार करा, अशा किती माणसांनी आयुष्यभर ‘आळशी’, ‘झोपाळू’ असे टोमणे ऐकले असतील! दोष स्वभावाचा नव्हताच. मेंदूतली एक कळ बिघडली होती. तेव्हा भरदिवसा सारखं कुणी पेंगताना दिसलं, तर हसण्याआधी एकदा डॉक्टरांचं नाव सुचवा.

भेटूया पुढच्या भागात. आणि हो, आज वेळेवर झोपा!