डावे, उजवे आणि जंगलपट्टी

राजकीय मतांना डावे-उजवे म्हणण्याचा प्रघात 1789 सालच्या फ्रेंच राष्ट्रसभेतील आसनव्यवस्थेतून निघाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु मुक्त बाजाराचा कैवारी म्हणून आज ज्याला बिनदिक्कत उजवीकडे बसविले जाते, त्या 'लिबर्टेरियन' पंथाचा मूळ पुरुष डाव्यांच्याही डावीकडचा होता, हे क्वचितच सांगितले जाते. भिंतींना कागद चिकटवून उदरनिर्वाह करणाऱ्या जोसेफ देजाक या निर्वासित फ्रेंच कामगाराने, स्त्रियांना हीन लेखल्याबद्दल प्रूदाँ या विचारवंतास 1857 साली जे खरमरीत पत्र लिहिले, त्यात हे विशेषण या अर्थाने अवतरले. राज्यसंस्था आणि खासगी मालकी या दोहोंचाही उच्छेद त्याला अभिप्रेत होता.

अमेरिकेत पुढे मालकी हाच या पंथाचा पाया ठरला. तेच स्थित्यंतर मुंबईत एका गृहस्थाच्या हयातीत घडले. पिठाच्या गिरणीचे धनी रणछोडदास लोटवाला यांनी, 1921 साली 'गांधी विरुद्ध लेनिन' लिहिणाऱ्या तरुण श्रीपाद अमृत डांगे या साम्यवाद्याला आश्रय दिला, अराज्यवादी एम. पी. टी. आचार्यांच्या सहवासात त्यांची संस्था 1947 साली 'लिबर्टेरियन सोशलिस्ट' म्हणवू लागली. आणि पुढल्याच दशकात त्यांच्या 'इंडियन लिबर्टेरियन' नियतकालिकातून मुक्त अर्थव्यवस्थेचा पुरस्कार होऊ लागला. शेटजींनी पक्ष बदलला म्हणावे, तर सरकारविषयीचा त्यांचा संशय मात्र अखेरपर्यंत कायम होता.

मुंबईहून उत्तरेस पालघरकडे आले की डाव्या-उजव्यांची ही विभागणी अधिकच लटपटते. तलासरी-डहाणूकडे 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या लाल बावट्याखाली वारली आदिवासींनी वेठ आणि लग्नाच्या कर्जापोटी सावकाराकडे राबण्याची लग्नगडीची प्रथा मोडली, तो डावा लढा खराच. बंदरपट्टीत तारापूरला 1969 साली उभे राहिलेले अणुवीज केंद्र सरकारी मालकीचे, पण बांधून दिले अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने. त्याची बाजू कोणती, हे ज्याने त्याने ठरवावे. रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेकडील जंगलपट्टीत मात्र, 1970 च्या भूमिआंदोलनात समाजवाद्यांबरोबर तुरुंगवास भोगलेले आदिवासी कार्यकर्ते काळूराम धोदडे, प्रतीकात्मक सत्याग्रहाने कब्जा मिळत नाही हे ओळखून भूमिसेना या आदिवासी संघटनेकडे वळले, आणि निर्णय बाहेरच्या पुढाऱ्याने नव्हे तर गावोगावच्या तरुण मंडळांनी करावा, असा दंडक त्या सेनेने घातला. देजाकचे नावही न ऐकलेल्या या माणसांनी त्याचा अर्धा सिद्धांत असा आचरणात आणला.

उरलेला अर्धा मात्र त्यांनी उलटा केला. सावकाराने गिळलेल्या जमिनीवरचे उभे पीक कापून नेताना त्यांची मागणी होती ती सातबाऱ्यावर आपले नाव लागावे, म्हणजे मालकीच मिळावी, ही. आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने 1974 साली केला, तेव्हा ज्या सरकारवर भरवसा नव्हता त्याच सरकारच्या मामलेदाराकडे फेरफाराच्या नोंदीसाठी खेटे घालणे त्यांना भाग होते. सरंजामी जमिनीचा खरा मालक ती कसणाराच, असे बाजारवादी लिबर्टेरियनांचा आचार्य मरे रॉथबार्ड यानेही 1982 च्या ग्रंथात प्रतिपादिले आहे. त्याला उजवा आणि काळूरामांना डावा म्हणणाऱ्याने हे दोन दावे एकदा शेजारी ठेवून पाहावेत.