क्षयाच्या छायेतील व्याधी

यशवंतपूर हे बंगळूरच्या वायव्येकडील रेल्वेचे जंक्शन व कारखान्यांचे उपनगर. तेथून काही मैलांवर, बल्लारी रस्त्यावर, १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १६ सप्टेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. खेड्यापाड्यांतील रुग्णांचा अभ्यास करून ह्या संस्थेने एका गोष्टीवर भर दिला : क्षयाचे निदान केवळ क्ष-किरणचित्रातील डागावरून न करता थुंकीत जंतू सापडतात की नाही ते पाहून करावे. छातीत डाग दिसला म्हणजे क्षयच, असे नव्हे. हे सूत्र किती मोलाचे आहे, ते सार्कॉइडोसिस ह्या व्याधीच्या इतिहासावरून उमगते.

ह्या व्याधीची पहिली ओळख त्वचेवरून झाली. १८६९ साली लंडनमध्ये जोनाथन हचिन्सन ह्यांनी कोळशाच्या धक्क्यावरील एका मजुराच्या हातापायांवर जांभळट चट्टे पाहिले. १८८९ मध्ये पॅरिसच्या बेनिए ह्यांनी नाकावरील अशाच विकाराचे वर्णन केले. १८९९ साली नॉर्वेच्या सीझर बेक ह्यांनी एका पोलिसाच्या त्वचेतील गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्या मांसार्बुदासारख्या दिसत असल्या तरी घातक नव्हत्या. म्हणून त्यांनी त्यांना 'मांसासारख्या' अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. पुढे स्वीडनच्या शाऊमान ह्यांनी दाखवून दिले की, त्वचा, लसिकाग्रंथी, फुप्फुसे ह्यांतील हे निरनिराळे विकार म्हणजे एकाच रोगाची रूपे होत.

तरीही हा क्षयाचाच एखादा सौम्य प्रकार असावा, अशी शंका दीर्घकाळ राहिली. तिला आधारही होता. कॉखने १८८२ मध्ये क्षयजंतू शोधला. क्षयात शरीर त्या जंतूभोवती पेशींच्या सूक्ष्म गाठी रचते. सार्कॉइडोसिसमध्येही तशाच गाठी बनतात. मात्र त्यांच्या मध्यभागी क्षयातल्याप्रमाणे दह्यासारखा सडका भाग सहसा नसतो आणि जंतूही सापडत नाही. रोगप्रतिकारशक्तीच कोणत्या तरी निमित्ताने चेतते आणि शांत होत नाही. फुप्फुसांवर तिचा रोख सर्वाधिक असतो. यकृतातही अनेकांना गाठी होतात, परंतु त्यांपैकी थोड्यांनाच त्यांचा त्रास जाणवतो.

१९५० च्या दशकात भारतातूनही अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या. तोवर हा रोग आपल्याकडे नाही असे मानले जाई. वस्तुतः क्षयाच्या प्रचंड संख्येत तो झाकला गेला होता. खोकला, ताप, वजन घटणे, छातीतील वाढलेल्या ग्रंथी ही लक्षणे दोहोंत सारखीच.

ही चूक केवळ नावाची नाही. सार्कॉइडोसिसच्या रुग्णाला क्षयाची औषधे दिल्यास महिनोन्महिने व्यर्थ जातात, आणि ती यकृतालाही बाधू शकतात. उलट, क्षयाच्या रुग्णाला सार्कॉइडोसिस समजून नुसती स्टेरॉइडे दिली, तर प्रतिकारशक्ती दबते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. म्हणून आजही श्वासनलिकेतून दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढतात, तो तपासतात आणि क्षयजंतूचा कसून शोध घेतात. सार्कॉइडोसिसचे अनेक रुग्ण औषधावाचूनही बरे होतात. काहींची फुप्फुसे मात्र कायमची कठीण बनतात.

ह्या रोगाचे मूळ कारण अद्याप हाती आलेले नाही. परंतु ज्या देशात क्षय घरोघरी ठाऊक आहे, तेथे परिचित रोगाच्या आड अपरिचित रोग उभा असू शकतो, एवढे भान वैद्याने राखले, तरी पुष्कळ रुग्णांचे दुःख टळेल.