गांजाचा फुलोरा : आकार व घनता

गांजाच्या (कॅनॅबिस सटायव्हा) मादी झाडाच्या शेंड्याला येणाऱ्या फुलोऱ्याची लांबी-जाडी व घट्टपणा. पैदासकार ज्या गुणांवर निवड करतात, त्यांत हे दोन अग्रभागी आहेत. नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. मादी फुलाला दिखाऊ पाकळ्या नसतात. बीजांडाला वेढणारा छद आणि त्यातून डोकावणारी किंजल्कांची जोडी एवढाच त्याचा पसारा. अशी असंख्य फुले आखूड पेऱ्यांवर दाटली की बाजरीच्या कणसासारखा भरीव शेंडा तयार होतो. पेरे लांब राहिले तर तोच फुलोरा विरळ, पानाळ दिसतो. एकेका छदाची वाढ आणि फुलांमधल्या बारीक पानांचे प्रमाण यांवरही भरीवपणा ठरतो.

अफगाणिस्तान व हिंदुकुशच्या कोरड्या डोंगराळ भागातील रुंद पानांचे वाण बुटके, लवकर फुलणारे व घट्ट फुलोऱ्याचे असतात. केरळ, थायलंड अशा दमट प्रदेशांतील अरुंद पानांचे वाण उंच वाढतात, उशिरा फुलतात आणि त्यांचा फुलोरा मोकळा असतो. हा मोकळेपणा उणीव मानणे चूक आहे : घट्ट फुलोऱ्यात ओल अडकून बोट्रायटिस बुरशीने तो आतून कुजतो, मोकळ्या फुलोऱ्यात वारा खेळतो. 1970 नंतर कॅलिफोर्नियात आणि पुढे नेदरलँड्समध्ये या दोन्ही गटांचे संकर झाले. ‘स्कंक नंबर 1’ हे त्यांतले सर्वपरिचित नाव.

हे गुण अनेक जनुकांवर व परिस्थितीवर अवलंबून असल्याने निवड संथ चालते. खरी अडचण नराची. त्याला असा फुलोराच येत नाही, त्यामुळे त्याने पुढच्या पिढीला काय दिले हे त्याच्या मादी संततीवरूनच पारखावे लागते. उजेड व रोपांमधील अंतर यांचा परिणाम वगळायचा तर तुलनेतील झाडे एकाच परिस्थितीत वाढवावी लागतात.

परागण झाले की झाडाची शक्ती बी भरण्याकडे वळते. ते टळले तर नवी फुले येत राहून फुलोरा फुगतो. म्हणूनच तत्कालीन बंगालमधील नौगाव भागात नर झाडे वेळीच ओळखून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ नावाचे जाणकार बोलावत, अशी नोंद भारतीय हेंप ड्रग्ज आयोगाच्या (1893–94) अहवालात आहे. तिथल्या ‘चपट्या’ गांजाचा घट्टपणा मात्र वाणाचा नव्हे. तो कापणीनंतर पायांनी तुडवून आणलेला असे.

वजनदार फुलोरा म्हणजे गुणवान फुलोरा, ही बाजारातील समजूत फसवी आहे. टीएचसी व सीबीडी ही गांजाच्या परिणामामागची द्रव्ये मुख्यतः छदावरील राळस्रावी ग्रंथींत साठतात. त्यांचे प्रमाण ग्रंथींची संख्या, आकार व जनुकीय घडण यांवर ठरते, घनतेवर नव्हे.

भारतात 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातील ‘गांजा’च्या व्याख्येचा आधारही फुलोराच आहे. फुले किंवा फळे धरलेले शेंडे तीत येतात. शेंड्यांविना असलेले बी व पाने तीतून वगळली आहेत.