डाळीचा उतारा आणि स्वयंचलनाचे पदव्युत्तर शिक्षण

१. प्रतिपाद्य

स्मार्ट उत्पादन आणि औद्योगिक स्वयंचलन हा विषय शिकवताना उदाहरण म्हणून मोटार कारखान्याची जोडणी ओळ हमखास पुढे येते. तिथे येणारा सुटा भाग ठरलेल्या मापाचा असतो. शेतमालाचे तसे नसते. एकाच दिवशी बार्शीच्या बाजारात आलेल्या तुरीच्या दोन पोत्यांत वाण, दाण्याचा आकार आणि ओल वेगवेगळी असू शकते. कच्चा माल सतत बदलत असताना पक्का माल एकसारखा ठेवणे हे नियंत्रणशास्त्रातले अवघड काम आहे. म्हणून बार्शीची डाळमिल हा एम.टेक.च्या संशोधनाचा पूर्ण योग्यतेचा विषय आहे, आणि अभ्यासाचा क्रम तिथल्या प्रश्नावरून लागला पाहिजे: आधी मापन, मग नियंत्रण, शेवटी अनुमान.

२. प्रक्रिया आणि तिचा प्रश्न

तुरीचे टरफल डाळिंब्यांना डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेले असते. ते सुटावे म्हणून दाणा चाळून रोलरवर खरवडतात, तेल-पाणी लावून मुरवतात, उन्हात वाळवतात आणि मग भरडतात. टरफलाचा वाटा साधारण १२ ते १५ टक्के धरला, तर डाळीचा उतारा तत्त्वतः ८५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. पारंपरिक पद्धतीत तो बहुधा ७० ते ७५ टक्क्यांवर थांबतो. उरलेली डाळ चुरी आणि भुकटी होऊन टरफलाबरोबर पशुखाद्यात जाते. दिवसाला १० टन तूर भरडणाऱ्या मिलमध्ये उतारा एका टक्क्याने वाढला, तर रोज १०० किलो डाळ वाचते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने उन्हाऐवजी गरम हवेने दाणा तयार करण्याची पद्धत विकसित केली, ती याच तुटीवर उपाय म्हणून. प्रक्रिया उन्हावर अवलंबून राहिली नाही की ती नियंत्रणाच्या कक्षेत येते.

३. तीन पायऱ्या

(अ) मापन. पहिले काम वस्तुमानाचा ताळेबंद मांडण्याचे. आत गेलेली तूर आणि बाहेर पडलेली डाळ, चुरी, टरफल व भुकटी यांची वजने जुळली पाहिजेत. वाटेत पाणी मिसळते आणि उडतेही, म्हणून हिशेब कोरड्या वजनावर करावा लागतो. त्यासाठी लोडसेल, ओल मोजणारा सेन्सर आणि रोलरच्या मोटारीचा विद्युतप्रवाह एवढी साधने सुरुवातीला पुरेशी आहेत. प्रत्येक लॉटला क्रमांक हवा. त्यावाचून नोंदींचा एकमेकींशी संबंध लावता येत नाही.

(आ) नियंत्रण. वाळवणयंत्रातील हवेचे तापमान पीआयडी नियंत्रकाने स्थिर ठेवता येते; त्याचे गुणांक ठरवण्याची झिगलर आणि निकोल्स यांची रीत १९४२पासून प्रचलित आहे. परंतु मुरवण बरोबर झाली की नाही, हे भरडल्यावरच कळते. कृती आणि परिणाम यांत तासांचे, कधी दिवसांचे अंतर पडते. अशा ठिकाणी निकाल पाहून केलेली दुरुस्ती फार उशिरा पोचते. म्हणून आवक होतानाच दाण्याची ओल आणि आकार मोजून पुढची मात्रा आधी ठरवावी लागते.

(इ) अनुमान. पुरेशा लॉटच्या नोंदी जमल्यावरच यंत्रशिक्षणाला अर्थ येतो. कॅमेऱ्याने तुकड्यांचे प्रमाण ओळखणे आणि त्यावरून रोलरची फट सुचवणे हा प्रबंधाला साजेसा प्रश्न आहे. मापन कच्चे असेल तर प्रारूप त्या चुकाच शिकते.

४. इतिहासाचा आधार

मर्यादेपासून आखणी करण्याचा मोठा धडा बार्शीने पूर्वी पाहिला आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. अडीच फुटी मार्ग आणि दर यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके रूळ ही मर्यादा त्यांनी आधी मान्य केली, आणि मग इंजिन असो वा वाघीण, प्रत्येक आसावरचा भार ५ टनांच्या आत राहील अशी रचना केली. पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रे चालवणारा प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक, याचा जन्मही असाच झाला. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंच्या जंजाळाला पर्याय मागताना आपल्या गरजा लिहून दिल्या. मॉडिकॉन ०८४ हे यंत्र त्यातून आले. दोन्हीकडे साधनाची निवड गरज नेमकी मांडल्यानंतर झाली.

५. अभ्यासक्रमाची मांडणी

दोन वर्षांच्या एम.टेक.मध्ये पहिल्या सत्रात मापनशास्त्र, संख्याशास्त्र आणि एका चालू मिलचा ताळेबंद असावा. दुसऱ्यात पीएलसी, स्काडा, औद्योगिक संदेशवहन आणि नियंत्रण सिद्धान्त. दुसरे वर्ष प्रबंधाचे. त्यात निदान एक हंगाम मिलमध्ये काढलेला असावा, कारण तुरीचे वर्तन हंगामाबरोबर बदलते. महागडी साधने प्रत्येक गावात असण्याची गरज नाही. केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ उपक्रमातून पुण्यात सी-फोर-आय-फोर प्रयोगशाळा उभी राहिली आहे. बार्शी आणि सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रश्न व नोंदी आपल्याकडे तयार कराव्यात आणि चाचणीसाठी अशा केंद्रांची मदत घ्यावी.

६. माणसाचे स्थान

स्वयंचलनाने निवडण-पाखडणीची कामे कमी होतात आणि त्याचा पहिला फटका रोजंदारीवरच्या स्त्रियांना बसतो. हा परिणाम प्रबंधात मोजला गेला पाहिजे आणि नव्या यंत्रावरचे प्रशिक्षण हा आराखड्याचा भाग असला पाहिजे. शिवाय दाणा दाताखाली धरून ओल सांगणाऱ्या जुन्या कारागिराचा अंदाज हीसुद्धा नोंद आहे. सेन्सरचे आकडे त्याच्या निर्णयाशी ताडून पाहिले, तर कोणत्या लॉटमध्ये आणि का फरक पडतो, ते उलगडते.

७. निष्कर्ष

स्वयंचलनातील पदव्युत्तर पदवीचे मूल्य विद्यार्थ्याला किती सॉफ्टवेअर येतात यावर ठरू नये. एका खऱ्या प्रक्रियेतली तूट त्याने मोजली का, तिचे कारण सिद्ध केले का, आणि मिलमालकाला परवडेल व कामगाराला चालवता येईल अशा साधनाने ती कमी केली का, हे तीन प्रश्न परीक्षकाने विचारावेत. त्यांची उत्तरे देणारा अभियंता डाळमिलमध्ये तयार झाला, तरी तो कुठल्याही कारखान्यात उभा राहू शकेल.